पुढचा भोई काय सांगत होता

हुं-हुं, हुं-हुं. सर, तुमच्या छडीचा तो ठेका अजून माझ्या कानात आहे. टेबलावर दोन बारीक टोले, मग एक दमदार, आणि तोंडानं पालखीच्या भोयांचा हुंकार. चाकणच्या शाळेतला आठवीचा वर्ग आहे, कौलांच्या फटीतून उन्हाचा कवडसा उतरलाय, आणि त्या कवडशातून तुमच्या इंग्रज साहेबाची पालखी घाट चढते आहे. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेच्या वखारीत कारकून म्हणून आलेला, कापडावर नुसतं बोट फिरवून सूत ओळखायला शिकलेला, दोनदा तापातून उठलेला आणि शेवटी मुंबईत न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेला तो व्यापारी. तुम्ही त्याला 'आपला साहेब' म्हणायचात. मला तो पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारखा तोंडपाठ होता. डोळे मिटले की गलबतांची शिडं दिसायची, मिऱ्यांचा वास यायचा. अजूनही येतो.

पण भोयांच्या बाबतीत तुम्ही चुकलात, सर. तेव्हाही हेच म्हटलं होतं, आज साठ वर्षांनी पुन्हा म्हणतो.

तुम्ही शिकवलंत की घाट चढताना भोई साहेबाचा जयजयकार गात होते. का, तर साहेबानं घरी पाठवलेल्या पत्रात तसं लिहिलं होतं. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण आत बसून त्याला आपली स्तुती ऐकू आली. सहामाहीच्या पेपरात मी त्याचं सगळं चरित्र नीट लिहिलं, आणि शेवटी चार ओळी घातल्या: हा जयजयकार नव्हे. मागच्या भोयाला समोर फक्त पालखी दिसते, पायाखालची वाट दिसत नाही. म्हणून पुढचा सांगत जातो. पुढं दगड हाय. डावा पाय जपून. पाणी हाय, उचल.

तुम्ही मला वर्गासमोर उभं केलंत. "कुणी सांगितलं तुला हे?" मी एक उत्तर दिलं. त्या उत्तराकडे शेवटी येतो. वर्ग हसला आणि तुम्ही म्हणालात, "कविता करायच्या तर मराठीच्या तासाला कर. इतिहासाला पुरावा लागतो." पेपरातल्या त्या प्रश्नाला शून्य. संध्याकाळी मला घरी नेऊन पुन्हा शिकवायला बसवलंत, तर स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "आधी पोराला खाऊ द्या, साहेब काही पळून जात नाही." चुलीपुढं बसवून त्यांनी मला थालीपीठ वाढलं आणि हळूच विचारलं, "मग काय रे म्हणायचे ते भोई?" मी सांगितलं, "सांभाळ रं गड्या, आज साहेब लई जेवलाय." काकू पदर तोंडात धरून इतक्या हसल्या की तव्यावरचं दुसरं थालीपीठ करपलं.

पुढं कित्येक वर्षांनी, शेवटच्या आजारपणात तुम्ही साहेबाच्या चरित्राची तुमची वही माझ्या हातात दिलीत. "तुझं अक्षर चांगलं आहे. नुसतं उतरव. भर घालू नकोस." मी मान डोलावली, सर. मग कंपनी, शिफ्टा, मुलं. वही कपाटातच राहिली. पण पिंपरीच्या कंपनीत तीस वर्षं मी तेच ऐकत होतो. अवजड इंजिन दोघांनी धरलं की उलट्या पायानं चालणाऱ्याला दुसरा सांगायचा, "भावा, मागं पायात लोखंडी पट्टी हाय." कुणीही कुणाचा जयजयकार करत नव्हतं.

आता शाळेचे माजी विद्यार्थी तुमच्या वहीचं पुस्तक करतायत. मी सगळी उतरवली. काना-मात्रेला हात लावला नाही. फक्त पालखीच्या पानाखाली एक टीप घातली. आपल्या वर्गातला तो आडदांड, ज्याच्या शेतात आता गाड्यांची कंपनी उभी आहे, तो सगळं बघतोय. पानांचे फोटो बघून सकाळी त्याचा फोन आला.

"राव, सरांच्या पुस्तकात तू कशाला नांगर घालतो?"

"एकच टीप आहे."

"आरं, पण तुझा बाप हमाल व्हता, ह्ये त्यात कशाला? लोक काय म्हनतील? तुला तर कायबी सुचतं, पहिल्यापास्नं!"

"टीप निघणार नाही."

"मग दुसऱ्याकडनं उतरवून घेतो. सांजच्याला मानूस पाठवतो, वही दे."

देईन. पण टीप घातलेल्या माझ्या प्रतीसकट देईन, आणि कुणी ते पान फाडलं तर नवं लिहून छापखान्यात स्वतः नेऊन देईन. तुम्ही स्वतः समोर आलात तरी मागं घेणार नाही, सर. साहेबाला त्याची वखार मिळाली, खुर्ची मिळाली, तुमच्या आयुष्याची चाळीस वर्षं मिळाली. माझ्या बापाला एक टीप मिळू दे. त्यात एवढंच आहे: 'पुढचा भोई मागच्याला वाट सांगतो. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं. ते चाकणच्या बाजारात हमाल होते.'

आणि आता ते उत्तर. तुम्ही विचारलंत, कुणी सांगितलं? मी म्हणालो, "मला सुचलं, सर." सुचलं नव्हतं. कांद्याचं पोतं बांबूला अडकवून दोघं निघायचे तेव्हा वडील पुढं असायचे, आणि मी रोज ऐकायचो. वर्गात 'बापानं सांगितलं' म्हणायची मला लाज वाटली. तुम्ही पुरावा मागितलात आणि मी तो लपवला. शून्य तुम्ही दिलंत, पण

जिन्यात कुणीतरी बोलतंय. वही न्यायला माणूस आला असणार. आमच्या संत तुकाराम नगरातल्या या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, तीन मजले चढून धापा टाकतोय. पण आवाज दोघांचे आहेत. "थांब. हितं पायरी फुटलीय." "किती राह्यल्या?" "चार. उजवीकडं घे."

कठड्यावरून वाकून बघून आलो. आमच्या सोसायटीचा वॉचमन आणि इस्त्रीवाला, दोघांनी मिळून प्लास्टिकची खुर्ची धरलीय. वॉचमन उलटा चढतोय आणि इस्त्रीवाला खालून त्याला पायऱ्या सांगतोय. खुर्चीत काकू आहेत, सर. नव्वदीच्या. दोन वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी. टिपेचं त्यांच्या कानावर गेलं असणार. खुर्चीचे हात घट्ट धरून खालच्याला दटावतायत, "मोठ्यानं सांग की रे त्याला, पाडाल मला!"

बेल वाजली. पत्र इथंच ठेवतो. आधी टीप वाचून दाखवतो त्यांना.