भाकर कुणाच्या हातची

आण्णा,

परवा पेडगावच्या विहारात मला तुमच्याविषयी बोलायला उभं केलं. तुमच्या स्मृतिदिनाला दरवर्षी गावातलं कुणीतरी बोलतं, यंदा म्हणाले की लेकीनं बोलावं. माझ्या आधी सरपंचबाई बोलल्या. "मास्तरांनी पोटच्या पोराला भाकर थापायला शिकवली, तेबी त्या काळात. लोक हसले, पर मास्तर हटले न्हाईत." टाळ्या पडल्या. दादा पुढच्या सतरंजीवर मान खाली घालून बसला होता. मग मी उठले आणि तेच बोलले. आमच्या घरात स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या, मुलगा-मुलगी असा भेद नव्हता, वगैरे वगैरे. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, तरी घासात खडा लागावा तसं होत होतं. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झालीत की तुमच्यावर रागावलेली बाई लोकांना बरी दिसणार नाही. म्हणून इथे कागदावर रागावते.

पाळ्या तुम्ही लावल्या त्या आई अंगणवाडीत लागली तेव्हा. सकाळी ती निघायची घाईत, तुम्हाला शाळा गाठायची असायची, मग चूल कुणी पेटवायची? आजूबाजूच्या घरांत याचं उत्तर ठरलेलं होतं, पोरीनं. तुम्ही मात्र एका संध्याकाळी आम्हा दोघांना चुलीपुढे बसवलंत आणि म्हणालात, "ज्याला भूक लागती त्याला चूल पेटवता आली पायजे. पोरगा असो का पोरगी." मग तुम्ही स्वतः पीठ घेतलंत, आधणाचं पाणी घातलंत, तळहातानं रगडत रगडत मळून दाखवलंत. पिठाची विरी म्हणजे चिकटपणा गेला असला की भाकर कशी तुटते, तव्यावर पाणी कुठल्या अंगाला लावायचं, उलटायची कधी आणि चुलीतल्या आराला लावायची कधी. एक दिवस दादाचा, एक दिवस माझा, रविवार तुमचा. आणि रोज जेवायला बसलं की पहिला घास मोडायच्या आधी तुमचा एक प्रश्न ठरलेला. "आज भाकर कुनाच्या हातची हाय?" ज्याची असेल त्यानं 'माझ्या हातची' म्हणायचं, मगच जेवण सुरू. माझी भाकर तुटकी असायची, कड जाड राहायची, पण ती 'माझ्या हातची' म्हणताना मला कधी लाज वाटली नाही. तुम्ही ती भाकर तोंड वाकडं न करता खायचात. नुसत्या कडेवर अंगठा फिरवून सांगायचात, "ही बाईसाहेबांची. एका अंगाला कड जाड." आम्ही हसायचो.

एकदा शेजारच्या काकू चटणी मागायला आल्या. शेंगदाण्याची, दादानं कुटलेली. त्यांनी बोट लावून चाखली आणि म्हणाल्या, "लय झकास झाली, कुनी केली?" मी पाचवीत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी." तुम्ही ओसरीवर वह्या तपासत होतात. काकू गेल्यावर लाल पेन बाजूला ठेवून म्हणालात, "जा. त्यांच्या घरी जा आन् सांग चटणी कुनाच्या हातची हाय ते." मी रडले, म्हटलं उद्या सांगते. "उद्या न्हाई. ज्याच्या हातचं त्याचं नाव. दुसऱ्याच्या हातचं आपलं म्हनून खाऊ घालनं म्हंजे चोरीच हाय." मी गेले. काकूंच्या दारात उभी राहून म्हणाले, चटणी दादाच्या हातची होती. त्या हसल्या, मला एक पेरू दिला. तो पेरू मी खाल्ला नाही, वाटेत टाकून दिला. पण मनात तुमच्याविषयी इतका अभिमान होता, आण्णा, की तेव्हा तुम्ही म्हणाला असतात तर गावातल्या घराघरांत जाऊन सांगितलं असतं. माझे आण्णा खोटं चालवून घेत नाहीत, हे मी शाळेत मुलींना फुशारकीनं सांगायची.

माझी पाचवी संपता संपता तुम्ही झरीच्या बाजारातून भाकरीचं पीठ मळायच्या दोन लाकडी काठवटी आणल्यात, एक दादाला, एक मला. त्याची काठवट वापरून वापरून आतून गुळगुळीत झाली. माझी तशीच कोरी राहिली, कारण लगेच सहावीला मी शिकायला परभणीला गेले. होस्टेलवर कसली भाकर आणि कसली काठवट. सुट्टीत यायची तेव्हा आई म्हणायची, "पोरीला जरा चुलीपाशी बसू द्या, उद्या लग्न व्हायचंय." त्यावर तुम्ही म्हणायचात, "तिला पुस्तक धरू दे. भाकर तिच्या भावाला येती की." विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमात तुमचं वाक्य ठरलेलं होतं, पोरींच्या हाती पुस्तक द्या, पोरांच्या हाती पळी द्या. मी ते खरं धरून चालले.

आणि मग मला बघायला ती जिंतूरची माणसं येतात. सकाळच्या एसटीनं येतात, मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक चुलता. मुलाला नोकरी आहे, घर चांगलं आहे, माणसं हुंड्याचं नाव काढत नाहीत. तुम्ही त्यांना जेवायलाच थांबवून घेता. आत दादा चुलीपुढे बसलाय. वांग्याची भाजी त्याची, येसराची आमटी त्याची, आणि एकामागून एक भाकरी तव्यावर टम्म फुगायल्यात. मी साडी नेसून वाढतेय. त्या बाई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, भाकरीचा पापुद्रा उचलून बघतात आणि कौतुकानं विचारतात, "भाकर कुनाच्या हातची हाय म्हनावं?"

आपला प्रश्न. आपल्या घरातला, रोजचा. मला हसूच आलं, आण्णा. मला वाटलं, आता तुम्ही आत हाक माराल, दादा पिठाचे हात घेऊन बाहेर येईल, तुम्ही छाती पुढे काढून म्हणाल की आमच्याकडं असं असतं. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "पोरीच्याच हातची. दुसऱ्या कुनाची असनार?" असं म्हणून तुम्ही त्यांच्या ताटात अजून एक भाकर वाढायला लावलीत. दादा दारात आला होता, भाकर घेऊन. त्यानं ते ऐकलं आणि तसाच मागे फिरला. मग ती भाकर मला आत जाऊन आणावी लागली. त्यानं माझ्या हातात दिली तेव्हा म्हणाला, "जाऊ दे, माझं काय जातंय." आई तांब्यांत पाणी भरत होती, भरलेल्या तांब्यातही ओतत होती.

मी तिथेच का बोलले नाही, असं कुणी विचारेल. तुम्ही बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलं होतं. आणि खरं सांगू का, मला वाटलं रात्री तरी तुम्ही काही बोलाल. चुकलं म्हणाल, किंवा निरोप पाठवू म्हणाल. तुम्ही लग्नाच्या तयारीला लागलात. मला द्यायची भांडी मांडली तेव्हा त्यात काठवट होती, आणि ती माझी कोरी नव्हती. दादाची होती, गुळगुळीत झालेली. मी म्हटलं, ही त्याची आहे. तुम्ही म्हणालात, "नवीकोरी दिली तर लोक काय म्हनतील? हीच असू दे." खोटं एका वाक्यात तोंडातून निसटलं असतं तर मी एखाद्या दिवशी विसरलेही असते. पण तुम्ही त्या खोट्याला पुरावासुद्धा जोडून दिलात, तोही पोराच्या हातातला काढून.

सासरी दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी ती काठवट पुढे ठेवली. शेजारच्या बाया मुद्दाम बघायला आल्या होत्या. "कर बाई, त्या दिवशीसारखी." पहिली भाकर उचलतानाच तुटली, दुसरी तव्यावर फाटली, तिसरीला मी रडायलाच लागले. बाया तोंडाला पदर लावून हसायल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला उठवलं, स्वतः बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "येत न्हवती तर न्हाई म्हनायचं. मी शिकवली असती की. पर मास्तर मानूस आमच्या तोंडावर खोटं बोललं." बाई वाईट नव्हत्या. त्यांनीच मला पुढे शिकवलं, रोज, न कंटाळता. पण त्या दिवसापासून त्या घरात माझा शब्द चालेना. भाजीत मीठ घातलंय म्हटलं तर त्या चाखून बघायच्या. गवळ्याला पैसे दिलेत म्हटलं तर गवळ्याला विचारायच्या. पुढे मला परभणीला नोकरी लागल्याचा कागद आला तेव्हा त्यांनी तो आधी चुलतसासऱ्यांकडून वाचून घेतला. मला राग यायचा, पण त्यांचा नाही. आण्णा, तुम्ही मला दुसरं काही दिलं नव्हतंत, सोनं-नाणं नव्हतंच आपल्याकडे. खरं बोलणारी पोर, एवढीच माझी मिळकत होती. ती तुम्ही माझं लग्न जमवताना खर्चून टाकलीत, मला न विचारता.

पंचमीला माहेरी आले तेव्हा मी विचारलं. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होतात. मी म्हटलं, "आण्णा, तुमी खोटं का बोललात?" तुम्ही पेपर खाली केला नाहीत. "मग शीक की आता. भाकर काय एवढी अवघड हाय का?" आणि पान उलटलंत. मला काकूंच्या दारात पाठवणारा माणूस पेपराच्या मागे बसला होता आणि त्याला स्वतःला मात्र जिंतूरपर्यंत जायचं नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्या घरी जेवले नाही, पोट दुखतंय म्हणाले.

दादाचं लग्न झालं तेव्हा तर तुम्ही कडीच केलीत. वहिनी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो सवयीनं चुलीपाशी जाऊन बसला, तर तुम्ही त्याला हाक मारून उठवलंत. "आता ऱ्हाऊ दे. सून असताना पोरगा भाकरी करायलाय म्हनल्यावर लोक तिला नावं ठेवतील." तो उठला. तो नेहमीच उठतो. आणि त्या वर्षीच्या जयंतीलाही तुम्ही व्यासपीठावरून पळी आणि पुस्तक केलंतच. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. परवा विहारात टाळ्या पडत होत्या तेव्हा दादा मान खाली घालून का बसला होता, ते तिथे फक्त मला माहीत होतं.

तुम्ही घाबरलात, एवढंच मला सुचतं. घरात तुम्ही खरेच तसे होतात, त्यात नाटक नव्हतं. पण स्थळ चांगलं होतं, आणि भाकर न येणारी पोर म्हटल्यावर ती माणसं उठून जातील असं तुम्हाला वाटलं. कदाचित गेलीही असती. पण मग एवढी वर्षं आमच्याकडून रोज 'माझ्या हातची' म्हणवून कशाला घेतलंत? शेजारच्या आयांसारखं आधीच सांगायचं होतं, घरातलं वेगळं आणि दारातलं वेगळं. मी तसंही शिकले असते. निदान दगा झाला असं वाटलं नसतं.

आई गेल्यानंतर तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला माझ्याकडे परभणीला आलात, तेव्हाचं एक सांगायचं आहे. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं नीट दिसत नव्हतं. मी ताट पुढे ठेवलं, तुमचा हात धरून भाकरीवर नेला. तुम्ही घास मोडला नाहीत. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत जो प्रश्न तुम्ही माझ्यासमोर एकदाही काढला नव्हता, तो काढलात. "भाकर कुनाच्या हातची हाय?" मी म्हटलं, "कामाला मावशी येतात, त्यांच्या." तुम्ही भाकर गोल फिरवलीत, कडेवरून अंगठा नेलात, एका जागी थांबलात. मग म्हणालात, "हात चांगला बसलाय मावशीचा. एका अंगाला कड जाड ऱ्हाती जरा." आणि जेवायला लागलात. मी समोर बसून राहिले. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही अजून अर्धी मागितलीत, ती खाल्लीत आणि हात धुवायला पाणी मागितलंत.

तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही सुटला असतात. म्हणाला असतात, बघ, मी कुठं खोटं बोललो होतो, झाली ना तुझ्याच हातची. तेवढं मला तुम्हाला म्हणू द्यायचं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. हा कागद मी काठवटीखाली ठेवून देईन, दुसरीकडे कुठे पाठवणार. पण ज्याच्या हातचं त्याचं नाव, म्हणून सांगते. आमच्या घरी कामाला कधीच कुठली मावशी नव्हती. त्या दिवशीची भाकर माझ्या हातची होती.