मामाजींची दाढी

मामाजी, आज सकाळी तुमच्या नातसुनेने अंगणातून तुमच्या मुलाला हाक मारली, "पप्पा, माह्या फोनचं चार्जर कुठी ठेवलं तुमी?" आणि तिचे सासरे, म्हणजे तुमचे चिरंजीव, मुकाट्याने घरभर चार्जर शोधत फिरले. मला हसू आलं आणि मग तुमची आठवण आली. माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं आपण सासरे-सून एका छपराखाली राहून एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. तुम्ही समोर आलात की मी पदर पुढे ओढून भिंतीला लागायचे. चहात साखर कमी पडली तर तुम्ही माझ्यादेखत सासूबाईंना म्हणायचात, "तिले म्हन, साखर महाग झाली काय?" मी सासूबाईंनाच सांगायचे, "आणते म्हणा." सासूबाई मधे बसून भाजी निवडत राहायच्या. निरोप पोचवायची गरजच नसायची, दोघांनाही ऐकू आलेलं असायचं.

तरी तुमची दाढी मी पाहायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणातली ती भिंत दिसायची, खिळ्याला आरसा टांगलेली. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासल्याचा आवाज आला की भाकरी टाकायची वेळ झाली हे मला कळायचं. कामरगावातले बाकीचे पुरुष न्हाव्याकडे जात, तुम्ही कधी गेला नाहीत. उजवा गाल उजव्या हाताने, मग वस्तरा डाव्या हातात घेऊन डावा गाल, आणि जो हात रिकामा असेल तो कातडी ताणून धरायला. दाढी झाली की धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसायचात. वावरात जाणारा माणूस तुमच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नसे. मला तुमचा धाकच वाटायचा, पण त्या वेळचा तुमचा रुबाब पाहता पाहता माझी भाकरी तव्यावर करपलेली आहे.

मग लकवा आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द अर्धेच फुटायला लागले. न्हावीदादा घरी आले. त्यांनी मायेनेच रुमालाने तुमची लाळ पुसली, पण तुम्ही मान फिरवली ती फिरवलीच. मग तुमच्या मुलाने सवारीच्या जीपची पहिली फेरी मारायला जायच्या आधी दुकानातल्या रेझरने करून पाहिली. "बाबा, तोंड सरळ ठेवा ना," असं ते घाईत बोलून गेले. तुम्ही डाव्या हाताने त्यांचा हात बाजूला सारला. सासूबाईंचे हात कापायचे, त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं. दाढी वाढत गेली आणि तुम्ही मधल्या खोलीच्या बाहेर येईनासे झालात. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचात. भाकरी अर्ध्यावर आली, मग चतकोरावर. सासूबाई चुलीपाशी बसून रडल्या. "दुखन्यानं नाई जात हे मानूस," त्या म्हणाल्या, "लाजेनं मरून राह्यलं."

त्या सकाळी घरात आपण दोघंच आहोत. सासूबाई दळण घेऊन चक्कीवर गेल्या आहेत. मी पाण्याचा तांब्या ठेवायला खोलीत येते, तर तुम्ही बाजेवर उठून बसला आहात. मांडीवर आरसा, तोंडाला साबण, डाव्या हातात उघडा वस्तरा. डावा हात तुमचा तयारीचाच, पण गालाची सैल कातडी वस्तऱ्यापुढे गोळा होते आहे आणि ती ओढून धरायला दुसरा हात नाही. मी दारातच थांबते. तुम्हाला मी आरशात दिसते. तुम्ही वस्तरा माझ्यापुढे धरता, मूठ माझ्याकडे करून. निरोप सांगायला घरात तिसरं माणूस नाही.

मी वस्तरा घेतला, एका हाताने. दुसऱ्या हातात पदर होता, आणि तो सोडावा लागेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सासऱ्याच्या तोंडावर वस्तरा चालवायला मी तयार झाले, डोईवरचा पदर सोडायला नाही. वस्तरा केसांत अडकला, गाल त्याच्याबरोबर खाली ओढला गेला, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी पदर दातांत धरून पाहिला, तर मला धड दिसेना. तेव्हा तुम्ही बोललात, माझ्याशी, पहिल्यांदा. शब्द तुटत तुटत आले, मी इथे सलग लिहिते. "पदर सोड पोरी. दोनी हात लाव. एका हातानं मले कापशीन."

मी पदर कमरेला खोचला आणि डावा हात तुमच्या गालाला लावला. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या गालालाही मी कधी हात लावला नव्हता. गाल ऊन होता, साबणाने बुळबुळीत झालेला, बोटं सारखी घसरत होती. कातडी कानाकडे ओढून धरली तसा वस्तरा सरळ खाली आला. "असं," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात सासूबाई पिठाचा डबा घेऊन दारात आल्या. आधी त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग तुमच्या गालाकडे. "लोक काय म्हनतीन?" त्यांनी हळूच विचारलं. "लोकाईले म्हन, या मंग दाढी करून द्याले," तुम्ही म्हणालात. सासूबाईंनी डबा खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं.

ती दाढी काही खास झाली नव्हती. जबड्याखाली गवताचे पुंजके राहावेत तसे केस राहिले होते. तरी त्या संध्याकाळी तुम्ही मुलाच्या खांद्यावर हात टाकून ओट्यावर आलात, आणि रात्री सासूबाईंकडे दुसरी भाकरी मागितलीत. पुढे दाढीचं काम माझंच झालं. तुम्ही शिकवायचात आणि रागवायचात. "मन कुठी हाय तुयं? वस्तरा हाती घेतला का चुलीवरचं दूध इसरून जा." दूध मग खरंच उतू जायचं आणि सासूबाईंची बोलणी मी खायचे. हळूहळू आपलं बोलणं सुरू झालं. मला शिवणाची मशीन पाहिजे होती, नवऱ्याला सांगायला जीभ उचलत नव्हती. तुम्हाला सांगितलं, कारण तोंडाला साबण असताना तुम्हाला मधे बोलता येत नव्हतं. तुम्ही नुसते हुंकार भरत होतात. थोड्याच दिवसांत कारंज्याहून जीपच्या टपावर मशीन आली. मामाजी, त्या घरात माझ्याही म्हणण्याला किंमत असते, हे मला तुमच्यामुळे कळलं. त्यानंतर घरात मी कोणाशीच भिंतीआडून बोलले नाही. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. हे तुमच्या तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "वस्तऱ्याकडे पाह्य."

हे पत्र मी टाकणार नाही. विजेचं बिल अजून तुमच्याच नावाने येतं. पत्र टाकलं तर पोस्टमन ते आपल्याच ओट्यावर आणून देईल आणि तुमचे चिरंजीव चष्मा लावून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं वाचतील. पण शेवटच्या दिवसाचं एक तुम्हाला सांगायचं राहिलं आहे.

तुम्ही पहाटे झोपेतच गेलात. अंगणात अंघोळीची तयारी झाली, न्हावीदादा पेटी घेऊन आले. सगळी भावकी जमली होती, ज्यांच्यापुढे मी कधी उभीही राहिले नव्हते ते सगळे चुलतसासरे होते. सासूबाई घरातून म्हणाल्या, "थांबा भाऊ. त्याईची दाढी सूनच करन. त्याईले हिचाच हात लागते." न्हावीदादांनी उठून मला जागा दिली. मी तुमच्याजवळ बसले, साबण लावला, गाल ओढून धरला. सकाळपासून मी रडले नव्हते. कामं होती, माणसं येत होती. आणि दाढी करताना तर तुम्ही नेहमीसारखे डोळे मिटून पडला आहात असंच वाटत होतं. हनुवटीखाली माझा हात घसरला आणि कापलं. मी पटकन बोटाने दाबून धरलं. बोट काढून पाहिलं तर रक्त आलं नव्हतं.

तेव्हा मी रडायला लागले. बायका म्हणाल्या, सून असून लेकीसारखी रडली. कापल्याचं कोणाला दिसलं नाही, आणि मीही आजवर कोणाला सांगितलं नाही. तुरटी मात्र लावली.