वर राहणारी माणसं

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचे. नोकरी पंपघराची, आणि घरही तिथंच. खाली मशीनची खोली, वर आमचं क्वार्टर, मधे लोखंडी जिना. बायकोला स्वयंपाकघराची खिडकी आवडली आणि भुंग्याला जिना. भुंगा म्हणजे आमची मुलगी. जेवताना, चित्रं काढताना, झोपेतसुद्धा नाकातल्या नाकात गुणगुणत असते, म्हणून भुंगा. प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा येतो असा शोध तिनं आल्या आल्या लावला आणि सामान चढवणाऱ्यांचा जीव नको केला.

ज्यांच्या जागी मी आलोय ते काका आजच निघाले. पंप चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा कर्नेल, म्हणजे ज्याच्या हातात मशीनचा सगळा कारभार असतो तो गाभा, हे गृहस्थ सोर्स कोडमधून स्वतः बांधतात आणि त्यात पदरच्या ओळीही घालतात. चहा घेताना त्यांनी विचारलं, घरी किती जण. तिघं म्हटलं, तर कप तसाच ठेवून खाली गेले, काहीतरी टाइप केलं, कर्नेल पुन्हा बांधायला लावला, आम्हा तिघांना वरच बसायला सांगितलं आणि मशीन रीस्टार्ट होईपर्यंत हलले नाहीत. म्हटलं, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय मशीनमध्ये.

काकू तोवर गाडीत बसून होत्या, हसऱ्या चेहऱ्यानं, सरळ समोर बघत. निरोप द्यायला खाली उतरलो तेव्हा, एरवी रस्त्यावरच्या कुत्र्यालाही टाटा करणारी भुंगा माझ्या पायामागे लपली. घाबरली की तिची तीच जागा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वरून हुकूम आलाय, कर्नेल नवा करा, जुना सुरक्षित नाही. मला काय, आवडीचंच काम. काकांची जुनी मांडणी उघडून बघितली आणि डोकं फिरलं. हजारो पर्याय, त्यातले निम्मे कशासाठी चालू ठेवलेत ते देव जाणे. हा पसारा नव्या सोर्समध्ये ओढून नेण्यापेक्षा कोरी पाटी बरी. सफाईची कमांड देऊन टाकली. काकांची मांडणीची फाइलही त्यात गेली. जाऊ दे, तिला कोण विचारतो. पदरच्या ओळी तेवढ्या ठेवल्या, त्याशिवाय पंप ओळखू येत नाहीत.

बायको जेवायला हाका मारून दमली. मी प्रत्येक हाकेला 'आलो आलो' म्हणतो आणि जागचा हलत नाही. ती म्हणाली, एक दिवस हे 'आलो आलो' टेप करून ठेवते, मग तुमची गरजच नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

झालं काम, आणि काय सुरेख झालं. पर्यायांच्या यादीत काकांचा एक नमुना सापडला. नाव, 'वर राहणारी माणसं'. पुढे आकडा, दोन. काही बदललं नाही तर दोनच राहतो. मदत उघडली तर रिकामी. हसलो आणि एंटर दाबून पुढे गेलो. विनोदाला कोण उत्तर देत बसतो?

डिस्कवर जागा पुरेना, म्हणून जुना कर्नेल आधीच काढून टाकला. नवा नीट चालेपर्यंत जुना काढू नये, हे मीच नवशिक्यांना घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. पण भीती कसली? दुपारी रीस्टार्ट दिला, झटक्यात उठलं मशीन. बायकोला सांगायला धावत वर निघालो. भुंगा जिन्यात पायऱ्या वाजवत बसली होती, तिला ओलांडून गेलो.

वर जाऊन बढाई मारली. बायकोनं पानं घेतली. दोनच घेतली. म्हटलं, भुंगा जेवून बसलीय वाटतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

भुंगा नाही. हरवली असं नाही. नाहीच. बायको विचारते, भुंगा कोण? आधी तिला चेष्टा वाटली. मग मी ओरडलो, तेव्हा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिची खोली म्हणजे अडगळ झालीय. भिंतीवरची चित्रं नाहीत. फोनमधल्या फोटोंत आम्ही दोघंच, आणि आमच्या मधे जागा.

शाळेत गेलो, तर पटावर तिचं नावच नाही. बाई फार प्रेमानं बोलल्या आणि शिपायाला माझ्याबरोबर फाटकापर्यंत पाठवलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आकडा आठवला. काकांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, जुना कर्नेल आहे ना? तो चालू करा, पोर जिन्यात होती तशी बसलेली सापडेल. काढून टाकला, मी म्हटलं. म्हणाले, मग आता काही करू नका. दोन तर दोन, तसेच राहा.

काय तोंडानं सांगतो हा माणूस! फोन आपटला.

रविवार, ९ फेब्रुवारी

आकडा तीन केला. बांधला. रीस्टार्ट. धावत वर गेलो.

मुलगी आहे. भुंग्याचा फ्रॉक आहे. बायको तिची वेणी घालत होती, भुंगा भुंगा करत होती. मी जवळ घेतली, रडलो. तिनं घेऊ दिलं.

जेवायला बसलो. ती गुणगुणत नव्हती.

सोमवार, १० फेब्रुवारी

दिवसभर एक सूर नाही. जिना चढते उतरते, एकही पायरी वाजत नाही. नुसती हसते, सरळ समोर बघत. हे हसू मी बघितलंय. गाडीत.

काकांना पुन्हा फोन केला. या वेळी सगळं बोलले. त्यांच्या हातून एकदा आकडा एक झाला होता, मग पुन्हा दोन केला, आणि काकू आल्या. या काकू कोण, हे मी अजून विचारलेलं नाही, म्हणाले. मशीनला नाव कळत नाही, आकडा कळतो. रीस्टार्टच्या वेळी जो वर असेल तो राहतो. उरलेल्या जागा जो आधी जिना चढेल त्याच्या. आणि खाली ताटकळणारे पुष्कळ आहेत. तुमची पोरही त्यांच्यातच असेल.

म्हणजे गुरुवारी बायको वर होती, जागा एकच उरली होती. भुंगा जिन्यात होती. आणि मी तिला ओलांडून —

मी गेलो. माझ्या पोरीच्या जागेवर मी गेलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळ

चार. ठरलं. बायको वर, ती हसणारी वर. दोन जागा उरतात. एक भुंग्याची, एक माझी. मोठा आकडा टाकायचा धीर नाही, आणखी कोण कोण चढेल. आणि या वेळी मी धावणार नाही. भुंगा पुढे, मी मागे. तिला जिना पाठ आहे.

कर्नेल बांधला जातोय. ओळी सरकतायत. ती हसणारी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहून बघतेय. बायको म्हणते, पोरीशी असं का वागता, दोन दिवस तिच्याकडे बघतही नाही तुम्ही.

दुपार

रीस्टार्ट दिला. वही घेऊन जिन्याशी बसलोय. गार झालंय एकदम. कोणी दिसत नाही, पण दोन्ही बाजूंनी माणसं घासून जातायत. मी ओरडतोय, भुंगा, पळ, वर पळ —

पायरी वाजली. दुसरी. तिसरी. वेगवेगळ्या आवाजाच्या. आणि ते गुणगुणणं. नाकातल्या नाकात.

चढली. माझी पोर वर गेली. बायको विचारतेय, कुठं होतीस गं इतका वेळ. रडू थांबत नाही माझं.

आता मी. उठतोय. वाट देत नाहीत. खांद्याला खांदे लागतायत. अहो, माझी जागा आहे ती, सरका —

बायकोनं हाक मारली. अहो, जेवायला चला.

मी तोंड उघडलं. वरून आधीच कोणीतरी 'आलो आलो' म्हणालं. माझ्या आवाजात. आणि दुसरी हाक न घेता गेलासुद्धा.

चार पानं मांडल्याचा आवाज.

हात दिसत नाहीये नीट, पेन्सिल कशी —

भुंगा गुणगुणायची थांबली. तिनं बघितलं त्याला. घाबरली की ती माझ्या पायामा