हिरवे ठिपके

विक्रोळी, मंगळवार संध्याकाळ

गणित होतं २ sin x cos x = sin x. घाईत दोन्ही बाजूंना sin x ने भागलं. उत्तरं ६० आणि ३०० अंश. एकक वर्तुळावर दोन निळे ठिपके देऊन चहा ठेवायला उठले.

परत आले तर ठिपके चार. शून्यावर आणि एकशेऐंशीवर हिरवे.

"आई, वहीला हात लावलास?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

घरात आम्ही दोघीच. आणि हिरवे बरोबर आहेत! sin x शून्य असतानाची उत्तरं भागाकारात गेली होती. "भागू नकोस गं, अवयव पाड," पप्पा ओरडायचे, हिरव्या पेन्सिलने खुणा करत. ती पेन्सिल तर मीच तिरडीवर त्यांच्या हाताशी ठेवली होती ना?

पुढचं गणित मुद्दाम भागूनच सोडवलंय. वही तिकडे उघडी ठेवून हे स्वयंपाकघरात लिहितेय.