धोंड्याच्या महिन्याचा पाऊस

प्रिय विद्यू,

मंगळवारी बेळगावात तू ओढ्याकाठची चौदा घरं हलवण्याचा अहवाल जिल्ह्याच्या साहेबांपुढे ठेवणार. त्याआधी मिळावं म्हणून हे स्पीड पोस्टानं पाठवतोय.

खडेबाजारातल्या तुझ्या सत्काराला मी तिसऱ्या रांगेत होतो. हवामान-बदल आणि विकास धोरणाच्या प्राध्यापक, परदेशी विद्यापीठात एकोणीस वर्षं, असं निवेदक म्हणाला. सतरा. मी तिथंच मोजली. शेजारी मारुतीराव म्हणाले, "गोपाळ, नशीबवान हैस रं, असली भन मिळाली." मी हसलो. पण हार घेताना तू आप्पांसारखी मान वाकवलीस आणि मी टाळ्या वाजवायचा थांबलो. आप्पांनी तुला बेळगावच्या कॉलेजात घातलं आणि मला दहावीनंतर निपाणीच्या वखारीत, तंबाखूची प्रत लावायला. इंग्रजी मी रद्दीतल्या पेपरांवर शिकलो. पर्जन्यमापक स्वतः बसवला आणि १९९९ पासून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतो. तुझ्या लग्नादिवशीही मोजला, अक्षता त्यानंतर. त्याच मिलिमीटरांवर तू देशोदेशी बोलतेस. तुझं भाषण ऐकून लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मला वाटतं, हे मीही बोललो असतो, आणि आकडे न अडखळता.

तुझा विद्यार्थी सौरव चार दिवस माझ्या वह्या उतरवत बसला होता. पोरगा नीटस. वह्या आप्पांच्या सवयीनं तिथीवार आहेत, हे तुला ठाऊक. २०१५ च्या पानांवर तो थांबला. "काका, इथं आषाढ दोनदा आलाय. एकत्र धरू का?" अधिक महिना आहे, एवढंच सांगायचं होतं. धोंड्याचा महिना, ज्यात तुझ्या नवऱ्याला इथं जेवायला बसवून आईनं तेहतीस अनारसे वाढले होते. मी म्हणालो, "तुमच्या बाईस्नी विचारा, त्या शिकलेल्या हायत." त्यानं तुला विचारलं नाही. दोन महिन्यांचा पाऊस एका महिन्यात घातला.

दिवाळीत तू मसुदा पाठवलास, "अण्णा, एकदा नजर टाक." आषाढ २०१५, ३१७ मिलिमीटर. मला लगेच दिसलं. अधिक आषाढ १६८, निज आषाढ १४९. श्रावण २००४ आणि २०२३ चंही तेच. ज्या तीन वर्षांच्या अतिवृष्टीवरून तू ओढ्याकाठ धोक्याचा ठरवलास, ती अतिवृष्टी झालेलीच नाही. मी तुला "छान" एवढंच कळवलं. मोठ्या सभेत कुणीतरी तुला पकडेल, याची मी वाट बघत होतो. पाच महिने.

परवा गुणाबाई आल्या. वखारीत चाळीस वर्षं तंबाखू झाडून त्यांनी ओढ्याकाठी दोन खोल्या बांधल्या. म्हणाल्या, "तुमच्या भनीनं लिवलंय म्हंजे खरंच असणार न्हवं? मग आत्तापास्नंच कौलं उतरवून ठेवतो." निम्मी उतरवून झाली होती. मी त्यांना खरं सांगितलं. त्या चहा तसाच ठेवून उठून गेल्या.

फोन केला नाही, कारण तू "असू दे अण्णा" म्हणाली असतीस, आणि माझ्यापेक्षा मोठ्या मनाची ठरण्यातही तूच पहिली आली असतीस. म्हणून हे लिहून देतोय. सौरवला बोल लावू नकोस. तिन्ही वर्षांची पानं सोबत जोडली आहेत. मंगळवारी आकडे दुरुस्त कर, आणि ते इतके दिवस चुकीचे का राहिले, हे साहेबांना माझ्याच शब्दांत वाचून दाखव.

तुझाच,
गोपाळअण्णा