भिंगरीचे बूट

ता. ९, मंगळवार, दुपार

भिंगरे,

आजीचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, म्हणजे वेळेवर जेवतात आणि एकमेकांवर खेकसतात. माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, हे तू शाळेत असल्यापासून ऐकवतेस. तरी तूच वाच. आईला वाचून दाखवायला सांगू नकोस, ती मधलं गाळेल.

त्या दिवशी तुझ्याबरोबर विमानात ड्युटीवर होती ती मैत्रीण काल येऊन गेली. हात गळ्यात बांधलेला. विमान हवेत हिंदकळायला लागलं तेव्हा वैमानिकाने माइकवर सांगितलं, सगळे आहात तिथे बसा. अशा वेळी हातातलं सोडून बसायचं, जागा नसेल तर प्रवाशाच्या मांडीवर बसायचं, असं तुम्हाला शिकवतात म्हणे. ती बसली. तू मात्र चहाची गाडी मागे नेलीस, कप्प्यात ढकललीस, कडी लावलीस. तेवढ्यात विमान झटक्यात खाली गेलं आणि तू छतावर आपटलीस.

"गाडी उडाली असती तर कुणाच्या तरी डोक्यात बसली असती, आजी," ती रडत म्हणाली. "कुणाच्या अंगावर थेंबसुद्धा सांडला नाही."

मी म्हटलं, "बरं झालं, त्यांचे कपडे धुवायचे वाचले."

ती आणखी रडली. माझं तोंडच तसं.

तुझ्या कंपनीचा साहेबही आला होता, फुलं घेऊन. म्हणाला, "मोठं धाडस केलं पोरीने. पण नियमाप्रमाणे तिने बसायला हवं होतं." मी फुलं पाण्यात ठेवली नाहीत.

फोनवर तू विचारलंस, "आजी, तू तरी सांग, माझ्या पायांचं डॉक्टर काय म्हणाले?" मी फोन तुझ्या बापाकडे दिला. कधी नव्हे ते. मग तुझ्या आईचा दवाखान्यातून फोन. "सासूबाई, दोन महिन्यांत उभी राहशील असं तिला लिहा. तुमच्यावरच विश्वास आहे तिचा. आणि तिचे ड्युटीचे बूट पुसून दाराशी ठेवा, फोटो मागवून तिला दाखवते."

पुसले. डाव्या बुटाची टाच एका बाजूने झिजली आहे. चालतेसच तशी तिरकी, किती वेळा सांगितलं. तुझा बाप फोटो काढायला आला, तर बूट माझ्या मांडीवर. "आई, ठेव ना दाराशी," म्हणाला. मी ठेवले नाहीत. तो फोन खिशात घालून गेला.

लहानपणी सुई टोचायच्या आधी तू विचारायचीस, दुखेल का? बाकीचे म्हणायचे, मुंगी चावल्यासारखं होईल. मी म्हणायचे, दुखेल. तू माझाच हात धरायचीस. आता तिथे एकालाच राहू देतात, आणि ती तुझी आई. माझा हात एवढ्या लांब पोचत नाही.

तिने सांगितलेलं वाक्य दोनदा लिहायला घेतलं. पेन चालत नाही.

पत्र पुन्हा एकदा वाच. तू विचारलंस त्याचं उत्तर त्यात कुठे दिसतं का, बघ. मग आईवर चिडू नकोस.

बूट माझ्याजवळच आहेत.

दुखेल म्हणणारी,
तुझी आजी