माटोळीचा चौथा कोपरा

इब्रामपूर, पेडणे
२ ऑगस्ट १९८७

चि. शंभूस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळी खुशाल आहोत. तुझ्या देवकीचा खोकला गेला का? आपले गोवा राज्य झाले, राजभाषा कोकणी झाली, तरी तुझा हा थोरला भाऊ पत्र मराठीतच लिहितो आहे. भांडायचे तेव्हा कोकणीत भांडू, गेल्या गणेशचवथीला भांडलो तसे.

तुझे पत्र पोचले. गणपती यंदापासून डोंबिवलीला तुझ्याकडे बसवायचा का, ते लवकर कळव म्हणतोस. कळवतो. गणपती इथेच बसणार आणि त्याच्या डोक्यावर टांगायची रानफळांची माटोळी मीच बांधणार.

हसू नकोस. गेल्या वर्षी बांधताना उजवा हात वर गेला तो तिथेच कळेने पेटला आणि सुपारीचा कात्रा, अख्खा घोस, भटजींच्या पुढ्यात पडला. तू मला स्टुलावरून उतरवलेस आणि चारचौघांत म्हणालास, "दादा, पुरे झालें आतां." शब्द मायेचेच होते. पण वर्षभर खुपले.

म्हापशाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की मानेतली शीर दबली आहे, हे दुखणे जायचे नाही, सांभाळायचे. सुरुवातीला मी नुसता चिडलो. तुझ्या वहिनीवर, विमलेवर, डॉक्टरांवर, हातावरसुद्धा. मग मनाशी ठरवले, हा बांधाला बांध लागलेला शेजारी आहे. रोज भांडून तो उठून जात नाही, पण त्याला बांध कोरू द्यायचा नाही. आता सकाळी ओढ्यापर्यंत चालतो. उंच उशी सोडली. कळशी डाव्या हाताने उचलतो. डॉक्टरांनी शिकवलेली मानेची कसरत करतो, आपली प्रिया तिला "बाबांचे नाटक" म्हणते. हात पेटला की काम खाली ठेवतो, शेकतो, पुन्हा उचलतो. पूर्वी एका बैठकीत काम संपवण्यातच मोठेपणा वाटायचा. हे पत्रही उठत-बसत लिहिले आहे. अक्षर बघ, कुठे हलले आहे?

माटोळीची युक्ती मात्र विमलेची. मी वाशांकडे बघून सुस्कारे टाकत होतो, तर म्हणाली, "हात वयर वचना, तर माटोळी सकयल हाडात!"

तसेच केले. माटोळीची लाकडी चौकट खाली, माझ्या गुडघ्यांपाशी. हात मांडीवर टेकवून केवणीच्या चिवट सालीच्या दोरीने कांगल्या, कवंडळे, तोरिंजन ही फळे, नारळ सगळे निवांत बांधायचे. मग चारी कोपऱ्यांना दोऱ्या लावून, वाशावरच्या कप्प्यांवरून ती भरलेली चौकट वर ओढायची. परवा नारळ बांधून करून पाहिले. एक गाठ सुटली नाही. शेजारचा महादेव म्हणाला, "कृष्णनाथ, गांवांत अशी माटोळी कोणें बांदूंक ना." दिवसभर छाती काढून फिरलो.

खरे सांगायचे तर परवाचे काम तडीस गेले नाही. तीन कोपरे विमला, प्रिया आणि महादेवने ओढले. चौथी दोरी मी हट्टाने धरली. चौकट छातीपर्यंत आली आणि हातातून जाळ गेला, दोरी सुटली, माझा कोपरा खाली आपटला. गाठी टिकल्या, हात टिकला नाही. आत्ताही करंगळीपर्यंत जळतो आहे. दुखणे आहे तिथेच आहे, शंभू. मी मात्र गेल्या चवथीला होतो तिथे नाही, आणि याचा मला फार अभिमान वाटतो.

महादेव चौथा माणूस आणतो म्हणाला. मी नको म्हटले. चवथीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तू पोच. स्टुलावर चढायचे नाही, मला कुठून उतरवायचे नाही. खाली माझ्या शेजारी उभे राहायचे आणि मी "ओड" म्हटले की ओढायचे.

चौथी दोरी खुंटीला गुंडाळून ठेवली आहे. तिला मी घरात कोणाला हात लावू देत नाही.

अजून माटोळी बांधणारा,
तुझा दादा
कृष्णनाथ